रिकाम्या अंगणात शिरलेला खेळ

दिवेलागणीच्या सुमारास शहरातल्या कोणत्याही मध्यमवर्गीय वसाहतीत एक फेरफटका मारावा. अंगणात मोटारी शिस्तीने उभ्या असतात, बाकावर चार-दोन निवृत्त गृहस्थ बसलेले असतात, फाटकापाशी खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या दुचाकींची ये-जा चालू असते. दिसत नाहीत ती फक्त चौदा-पंधरा वर्षांची मुले. ती घरातच असतात. लोटलेल्या दारामागून अधूनमधून आवाज येतो, "डावीकडे बघ, डावीकडे! अरे, मागे आहे तो!" जेवायला बोलावणाऱ्या आईला आतूनच उत्तर मिळते, "ही मॅच संपू दे." आईला वाटते, पोरगा एकटाच बसला आहे. मुलाच्या हिशेबी तो मुळीच एकटा नाही. त्याच्यासोबत तिघे भिडू आहेत; एक नाशिकचा, एक इंदूरचा, आणि तिसऱ्याचे खरे नाव त्याला ठाऊक नाही.

व्हिडिओ गेमवरून घरोघरी जे वाद झडतात, ते बहुधा या एका विसंगतीतून सुरू होतात. पालकांच्या दृष्टीने मूल समाजापासून तुटले आहे, मुलाच्या दृष्टीने तो नुकताच मित्रांच्या घोळक्यात जाऊन बसला आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत. म्हणूनच केवळ "डोळे बिघडतील" किंवा "मार्क कमी पडतील" एवढ्या धाकावर हा विषय मिटत नाही. डोळ्यांना चष्मा लावता येतो, गुणही पुढल्या परीक्षेत भरून काढता येतात. चार माणसांत वावरण्याची, रागावण्याची, समजूत काढण्याची आणि हरून पुन्हा त्याच मंडळींत जाऊन बसण्याची जी सवय वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षापासून अंगी मुरावी लागते, ती कुठे मिळणार, हा खरा प्रश्न आहे.

एक गोष्ट प्रथमच मान्य केली पाहिजे. हा खेळ मुळात एकलकोंडा नव्हता. १९७२ साली आलेला 'पाँग' हा दोघांनी समोरासमोर खेळायचा होता. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लीबोळांत व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली, पुढे दूरदर्शन संचाला जोडायची यंत्रे घरात आली. 'मारिओ' आणि 'काँट्रा' खेळणाऱ्या दोन मुलांमागे आणखी पाच जण आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे असत. ज्याच्या घरी यंत्र, त्याच्या घरी सारी आळी गोळा होई. त्याची आई कुरकुरत का होईना, सर्वांना पोहे देई. नव्या शतकाच्या आरंभी सायबर कॅफेत 'काउंटर-स्ट्राइक' खेळणारी महाविद्यालयीन मुलेही एकाच खोलीत, खांद्याला खांदा लावून बसत. सामना संपला की बाहेर टपरीवर चहा होताच. खेळ पार्लरमधून घरात आला, घरातून खिशात गेला, तेव्हा पडद्यावरची चित्रे सुधारली आणि भोवतालची माणसे एकेक करून उठून गेली. हा बदल इतका हळू झाला की तो कुणाच्या ध्यानातही आला नाही.

आजच्या खेळातील सोबत खोटी आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाची कथा या संदर्भात जाणून घेण्यासारखी आहे. स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक व्याधीने तो चाकाच्या खुर्चीला खिळला होता. दिवसातले कित्येक तास तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ खेळत बसे आणि आईवडिलांना हळहळ वाटे की आपल्या मुलाला मैत्री, प्रेम, समाज यांतले काहीच लाभले नाही. २०१४ साली, वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्याच अनुदिनीवर त्याच्या निधनाची वार्ता लिहिली आणि पाठोपाठ युरोपभरातून पत्रांचा ओघ सुरू झाला. त्याने कुणाचे दुःख ऐकून घेतले होते, कुणाला घरच्यांशी पुन्हा बोलते केले होते. त्यांपैकी काही जण परदेशांतून त्याच्या अंत्यविधीला आले. त्याच्यावरील माहितीपट २०२४ साली जगभर पाहिला गेला. ज्याला दार उघडून बाहेर जाताच येत नव्हते, त्याच्यासाठी हा खेळ म्हणजे उघडलेले दार होते. ज्याची दोन्ही पावले धडधाकट आहेत आणि ज्याच्या दारात जिना आहे, त्याचा प्रश्न वेगळा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनेही या बाबतीत सावध भाषा वापरली आहे. 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराची नोंद तिच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत झाली. २०१९ साली तिला मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. त्या व्याख्येत रोज किती तास खेळले म्हणजे विकार, असा आकडाच नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळच मोठा वाटू लागणे आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे. आणि यामुळे कौटुंबिक, सामाजिक, शैक्षणिक आयुष्यात साधारण १२ महिने टिकणारा ठळक बिघाड होणे, अशी ही लक्षणे आहेत. २०२२ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे ३९ हजार खेळाडूंच्या खेळण्याची प्रत्यक्ष नोंद तपासली, तेव्हा खेळाच्या तासांचा आणि मनःस्वास्थ्याचा संबंध त्यांना जवळजवळ आढळला नाही. अर्थात या अभ्यासातील खेळाडू प्रौढ होते. दहावीतल्या मुलाचा दाखला म्हणून तो नाचवू नये. पण घड्याळ लावून बसलेल्या पालकांनी त्यातून इतका बोध जरूर घ्यावा, की मुलगा किती वेळ खेळतो याच्या बरोबरीने खेळ थांबल्यावर तो कुणाकडे जातो, हेही पाहायला हवे. त्याला जायला कुणी असेल तर चिंता निम्मी कमी होते.

आता अंगणातल्या खेळाकडे वळू. लगोरी, आट्यापाट्या, विटीदांडू, लंगडी, सूरपारंबी या खेळांविषयी लिहिताना गहिवरून येण्याची एक रीत पडली आहे. त्या गहिवराचा येथे काही उपयोग नाही. धुळीत खेळल्याने कुणी संत होत नाही आणि त्या काळच्या अंगणातही दांडगाई, शिवीगाळ, जातीपातीवरून वगळणे हे सारे होतेच. तरीही त्या खेळांत एक व्यवस्था अशी होती की जिचे मोल ती नाहीशी झाल्यावरच कळते. ती म्हणजे 'कच्चे लिंबू'. धाकटा भाऊ किंवा शेजारची चिमुरडी हट्ट करून खेळायला आली, की मोठी मुले कपाळाला आठ्या घालून तिला कच्चे लिंबू ठरवीत. तिच्यावर राज्य येत नसे, ती बाद झाली तरी बाद होत नसे, पण ती खेळात असे. दुबळ्याला वगळायचे नाही, त्याच्यासाठी नियम थोडा वाकवायचा, आणि तरीही खेळ खेळ म्हणून चालू ठेवायचा, ही तडजोड दहा वर्षांची मुले कुणी न शिकवता करीत असत. राज्यशास्त्राच्या पुस्तकात हा धडा पुष्कळ पुढे येतो.

मोबाइलवरच्या खेळात कच्चे लिंबू असूच शकत नाही. तेथे कोणी कोणाशी खेळावे हे यंत्र ठरवते आणि ते केवळ कौशल्याची प्रत पाहून ठरवते. समान ताकदीचे समोरासमोर, कमी ताकदीचे खालच्या श्रेणीत. स्पर्धेच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. मात्र त्यात मोठ्याला लहानाला सांभाळून घ्यावे लागत नाही आणि लहानाला मोठ्याची मनधरणी करावी लागत नाही. भांडणाचेही तसेच. अंगणात "आउट होता", "नव्हता" यावरून हातघाई झाली, कुणी बॅट घेऊन घरी गेला, तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला हाक मारावीच लागे. कारण बॅट त्याची होती आणि मुले मोजून आठच होती. समेट हा तेथे सद्गुण नव्हता, नाइलाज होता. नाइलाजाने केलेल्या अशा शेकडो समेटांतून माणूस घडत असतो. पडद्यावरचा भिडू रुसला तर काही क्षणांत दुसरा मिळतो, तिसरा मिळतो, देशभरातून मिळतो. ज्याला कधी कुणाला परत हाक मारावी लागली नाही, असा तरुण उद्या कार्यालयात, संसारात, सार्वजनिक मंडळाच्या बैठकीत पहिल्या मतभेदालाच उठून जाऊ लागला, तर नवल कसले?

मुलींची गोष्ट आणखी निराळी आहे. या खेळांत मुली खेळतात, पुष्कळ खेळतात. पण आवाजावरून मुलगी आहे हे कळताच ज्या प्रकारची भाषा कानी पडते, ती टाळण्यासाठी अनेक जणी आपला माइक बंद ठेवतात, टोपणनावही मुलाचे घेतात. मुलगा शेजारच्या काकूंसमोर जो शब्द उच्चारणार नाही, तो तो अनोळखी मुलीसमोर सहज उच्चारतो, कारण तेथे काकू नाहीत. पूर्वीच्या अंगणावर गॅलरीतून चार डोळ्यांची नजर असे. या नव्या अंगणाला गॅलरीच नाही. मुलांच्या सामाजिक आयुष्याविषयी बोलताना ही बाजू फारच क्वचित विचारात घेतली जाते.

यातला व्यापारही समजून घेतला पाहिजे. विटीदांडूला शेवट होता. अंधार पडला की खेळ मोडे. आजच्या खेळाला अंधार पडत नाही. रोज हजेरी लावली तर बक्षीस, सलग सात दिवस लावली तर मोठे बक्षीस, एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. काही आठवड्यांचा एक 'सीझन' आणि तो संपण्याआधी गाठायची श्रेणी. खेळ फुकट, पण पात्राचा अंगरखा विकत. पेटीत काय निघेल हे आधी न सांगता ती पेटी विकायची, हा त्यातला कळस. बेल्जियमच्या जुगारविषयक आयोगाने २०१८ सालीच अशा पेट्यांना जुगार ठरवले. त्यात नवे काही नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले ३४ वे सूक्त हे फाशांच्या नादी लागलेल्या माणसाचे आत्मकथन आहे. धन गेले याचे दुःख त्यात आहेच, पण त्याहून खोल दुःख माणसे गेल्याचे आहे. सासू द्वेष करते, पत्नी दूर लोटते, आईबाप आणि भाऊ म्हणतात की याला आम्ही ओळखत नाही. फासे खेळू नको, शेती कर, असा उपदेश त्याला अखेरीस मिळतो. व्यसनाची पहिली झळ नातेसंबंधांना लागते, हे त्या सूक्तकर्त्याने किती नेमके टिपले आहे!

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांबाबत सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कठोर पाऊल उचलले. संसदेने दोन दिवसांत विधेयक संमत केले आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. अशा खेळांपायी देशातील ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, असा शासनाचा अंदाज होता. बड्या कंपन्यांनी काही दिवसांतच आपले पैशाचे खेळ बंद केले. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचे एका कंपनीचे नावही उतरले. हे स्वागतार्हच आहे. मात्र त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना प्रोत्साहन देण्याचेही ठरवले आहे, आणि ज्या खेळांत पैज नाही पण अंगरखे व पेट्या आहेत, ते पूर्वीप्रमाणेच मुलांच्या हाती आहेत. कायद्याने चोर पकडला, पण घराला कडी लावण्याचे काम घरच्यांकडेच राहिले.

केवळ बंदीने काय होते, याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. मार्च २०१९ मध्ये गुजरातेत काही ठिकाणी 'पबजी'वर बंदी आली. राजकोटला तर तो खेळताना सापडलेल्या तरुणांना पोलिसांनी अटक केली, त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी होते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने ११८ अॅप्ससह त्यावर देशभर बंदी घातली. ती राष्ट्राची सुरक्षा आणि सार्वभौमत्व यांसाठी होती आणि त्या काळात आवश्यकही होती. तिचा मुलांच्या मनःस्वास्थ्याशी संबंध जोडणे हा पालकांचा भाबडेपणा होता. मुले काही दिवसांतच दुसऱ्या खेळाकडे वळली. २०२१ साली तोच खेळ नव्या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि २०२३ मध्ये अल्पवयीनांना दिवसाला तीन तास, इतरांना सहा तास अशी मर्यादा घेऊन पुन्हा आला. अल्पवयीन मुलाला रोज तीन तास! याला मर्यादा म्हणावे की परवाना?

चीनने २०२१ साली याहून कडक नियम केला. शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीचा दिवस, रात्री आठ ते नऊ, एवढीच मुभा. एकाधिकारी राजवटीला हे शक्य आहे, असे वाटते खरे. पण तेथल्याच २०१९ च्या निर्बंधांचा आधार घेऊन संशोधकांनी खेळाच्या प्रचंड नोंदी तपासल्या, तेव्हा अतिरेकी खेळणे त्यामुळे घटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. हा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण कोरियाने १६ वर्षांखालील मुलांसाठी मध्यरात्रीनंतरचे खेळ बंद करणारा कायदा २०११ पासून दहा वर्षे चालवला आणि शेवटी मागे घेतला. सत्तेचा दंडुका मुलाच्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचतो, आत शिरत नाही.

मग मुलगा त्या खोलीत गेलाच का, याचे उत्तर वडीलधाऱ्या पिढीने स्वतःच्या अंगणात शोधावे. खेळ मोबाइलमध्ये आला त्याच्या कितीतरी आधी अंगण रिकामे झाले होते. "येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे" ही पाटी मोबाइल कंपनीने लावलेली नाही. ती सोसायटीच्या कार्यकारिणीने, काचा फुटतात आणि दुपारची झोपमोड होते म्हणून, सर्वानुमते ठराव करून लावली. संध्याकाळचे पाच ते सात हे मुलांचे तास शिकवणी वर्गांना पालकांनीच विकत दिले. विकास आराखड्यातल्या मैदानाच्या आरक्षणावर इमारत उठली तेव्हा त्या इमारतीत घर घेणारेही तेच होते. करोनाच्या दोन वर्षांत तर शाळाच मोबाइलवर भरली. ज्या वस्तूला हात लावू नको म्हणून सांगितले, तीच वस्तू अभ्यासाची म्हणून हाती दिली गेली. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. तेव्हा हे केवळ शहरी कौतुक राहिलेले नाही.

विरोधाभास असा की याच काळात महाराष्ट्राच्या मातीतला एक खेळ जगज्जेता झाला. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर ज्या खो-खोचे नियम प्रथम बांधले गेले, त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी ती जिंकली. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. समाजमाध्यमांवर अभिनंदनाचा पाऊस पडला. खो-खोला लागते काय? दोन खांब आणि २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा. तेवढ्या जागेत वीसेक मोटारी सहज उभ्या राहतात, आणि बहुतेक वसाहतींत त्या उभ्या आहेत. पाठमोऱ्या बसलेल्या आठ जणांपैकी कुणाच्या पाठीवर थाप पडेल हे त्या आठांना ठाऊक नसते. 'खो' मिळताच उठायचे आणि आपली जागा दुसऱ्याला द्यायची. हे मोबाइलवर खेळता येत नाही. पण हे अभिमानाने सांगणाऱ्या किती घरांतल्या मुलांनी खो-खो खेळला आहे?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने मात्र वेगळी वाट धरली. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी तेथील गावसभेत एक ठराव झाला. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल, घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतील आणि साडेआठला भोंगा पुन्हा वाजला की सुरू होतील. सुरुवातीला लोक हसले, पुरुष मंडळींनी टाळाटाळ केली, पंचायतीच्या लोकांना घरोघर फिरावे लागले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी करण्याचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ सारखीच आहे. फरक इतकाच की बान्सीने मुलांचा मोबाइल बंद केला आणि वडगावने बापाचाही. दीड तास बापाच्या हातातही काही नाही, आईची मालिकाही बंद, म्हणजे घरातल्या घरात एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतर नाही. मुलाला अभ्यासाला बसवून स्वतः सोफ्यावर अंगठ्याने पडदा सरकवत बसणाऱ्या शहरी बापाला ही अट झेपेल का, याविषयी शंका घ्यायला पुष्कळ जागा आहे.

शहरात भोंगा वाजवता येणार नाही, हे उघड आहे. कुणीतरी लगेच ध्वनिप्रदूषणाची तक्रार करील. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेला दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्या सभेत वाहनतळाच्या विषयावर तासन्‌तास खडाजंगी होते. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत अंगणातल्या दहा मोटारी बाहेर रस्त्यावर लावून ती जागा मुलांना द्यावी आणि फुटलेल्या काचेचा खर्च संस्थेने सोसावा, असा विषय लेखी देणारा एक सभासद प्रत्येक वसाहतीत निघाला, तर कार्यकारिणीला तो निदान वाचून तरी दाखवावा लागेल.